दापोलीचा फणस, पुण्याची हवा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या वाड्या एका दुपारी झोपल्या. नारळ, पोफळी, आंबे, फणस, जे उंच होतं ते पडलं. विजेचे खांब गेले, घरांवरची कौलं गेली. त्यात टाळेबंदी. पडलेली झाडं तोडायला माणूस मिळेना आणि तोडून ठेवलेली झाडं कापायला सॉ मिल चालू नव्हती. पाऊस तर दारातच उभा होता.

दापोली तालुक्यातल्या एका घराच्या मागचा जुना फणस त्या दुपारी मुळासकट उपटला गेला. घरातल्या काकूंनी पुण्यात मला फोन केला. मी पुण्यात लाकडाचं काम करतो, प्लायवूडचं नव्हे, अस्सल लाकडाच्या दारांचं आणि फर्निचरचं. काकूंच्या सासऱ्यांनी लावलेलं झाड. त्याचं जेवणाचं टेबल करायचं आणि ते पुण्यात, कोथरूडला मुलाच्या घरी ठेवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. "सरपणाला देववत नाही हो," म्हणाल्या. ते टेबल २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्या घरात गेलं. मधला सगळा काळ लाकूड सुकवण्यात आणि मुरवण्यात गेला. टेबल बनवायला लागला तो वेळ त्याच्यापुढे अगदी किरकोळ होता.

फणसाचं लाकूड कोकणाला नवं नाही. दारं, पाट, चौरंग, देव्हारे यांत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. ताजं कापलं की गाभा पिवळाधमक दिसतो, उजेड लागत जातो तसा सोनेरी तपकिरी होतो. गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. पण गाभ्याभोवतीचा पांढरा कच्चा भाग किड्यांच्या भारी आवडीचा. पावसाच्या तोंडावर पडलेलं झाड म्हणजे या पांढऱ्या भागासाठी सगळ्यात वाईट मुहूर्त: ऊब, दमटपणा, आणि चीक अजून ओला. तोडीची आणि वाहतुकीची परवानगी निघेपर्यंत थांबणं तर होतंच.

तेव्हा फोनवर सांगून तिथल्या मिस्त्रींकडून एवढंच करून घेतलं. ओंडका जमिनीवरून उचलून पडलेल्या नारळाच्या खोडांवर ठेवायचा. दोन्ही तोंडांना डांबर फासायचं. अर्ध्या भेगा तोंडाकडून सुरू होतात, कारण पाणी लाकडातून बाहेर पडतं ते सगळ्यात वेगाने त्या उघड्या टोकांमधून. आडव्या अंगातून ते फार सावकाश झिरपतं. टोक आधी सुकून आकसतं, आतलं लाकूड ओलं नि फुगलेलंच असतं, आणि या ओढाताणीत टोक फाटतं. जुने सुतार तोंडांना शेण-माती लिंपत, ते याचसाठी. मिस्त्रींना हे मी सांगायची गरजच पडली नाही. डांबर कुठे मिळेल एवढंच त्यांनी विचारलं.

दिवाळीच्या सुमाराला सॉ मिलमध्ये ओंडका चिरला. पांढऱ्या भागात किड्यांनी बारीक भोकं पाडलीच होती, तो सगळा भाग काढून टाकला. गाभा मात्र शाबूत निघाला. दीड इंची फळ्या पाडल्या आणि रिकाम्या गोठ्यात थप्पी लावली.

थप्पी लावणं हे बघायला हमालीचं काम वाटतं. मी ते कधीच दुसऱ्यावर सोडत नाही. खाली चिऱ्यांचे ठोकळे, गुडघ्याएवढी उंची, सगळे एका पातळीत. त्यावर फळ्यांचा पहिला थर, दोन फळ्यांत बोटभर फट. मग आडव्या पट्ट्या: इंचभर जाडीच्या, सगळ्या एकाच मापाच्या आणि आधी सुकलेल्या. ओली पट्टी ठेवली तर तिचा डाग फळीत इतका खोल उतरतो की रंध्याने जात नाही. दर दीड-दोन फुटांवर एक पट्टी, आणि वरच्या थराची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोब्बर डोक्यावर, ओळंबा धरावा तशी. इथे चार बोटं सरकली की वरचा भार खालच्या फळीच्या अधांतरी भागावर येतो. ओलं लाकूड दबावाखाली सुकताना ज्या आकारात असेल तोच आकार धरून बसतं, आणि तो बाक मग कायमचा. वर जड चिरे ठेवले, कारण सगळ्यात वरच्या फळीला फिरायला सगळ्यात मोकळं रान असतं.

दापोलीत पावसाळ्यानंतरचं ऊन कडक आणि दुपारनंतर समुद्राचा वारा. सुकवणाऱ्याला वारा हवाहवासा वाटतो, पण पहिल्या महिन्यात मी त्याला घाबरतो. ओल्या फळीचा वरचा थर वाऱ्याने चटकन सुकला की तो आकसायला बघतो आणि आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात. म्हणून गोठ्याच्या पश्चिमेला गोणपाटं लटकवली. थंडी सुरू झाली, फळ्यांतलं मोकळं पाणी उतरलं, तेव्हाच ती काढली.

मोकळं पाणी म्हणजे काय, ते इथेच सांगायला हवं. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. काही पेशींच्या पोकळीत असतं, काही पेशींच्या भिंतींत मुरलेलं असतं. पोकळीतलं आधी जातं. ते जाताना फळीचं वजन उतरतं, पण माप तसूभरही बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आला की पोकळ्या रिकाम्या होतात आणि भिंतींतलं पाणी निघू लागतं. आकसणं, वाकणं, पीळ पडणं, भेगा, सुताराची सगळी दुखणी या रेषेच्या खाली सुरू होतात. तोपर्यंत फळी सरळ दिसते म्हणून खूश होऊन चालत नाही.

ओलावा मोजायला मीटर आहेत, माझ्याकडेही आहे. दोन सुया फळीत टोचल्या की आकडा दिसतो. पण जाड फळीत सुया वरवरच्या थराचंच सांगतात, आणि प्रत्येक जातीच्या लाकडाला आकड्यात दुरुस्ती करावी लागते. माझा भरवसा वजनकाट्यावर जास्त. फळीच्या टोकापासून दीड-दोन फूट आत जाऊन इंचभर रुंदीचा आडवा काप काढायचा, लगेच वजन करायचं, मग ओव्हनमध्ये १०३ अंशांना ठेवायचा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलायचा. १५० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला, तर गेलेलं पाणी ५० ग्रॅम, म्हणजे ओलावा ५० टक्के. या हिशोबामुळे ताज्या हलक्या लाकडात ओलावा १०० टक्क्यांच्या वरही निघतो. ज्या फळीतून काप काढला तिचं त्याच दिवशीचं वजन १२ किलो असेल, तर तिचं पूर्ण कोरडं वजन ८ किलो. मग पुढे ओव्हन लागत नाही. १४ टक्क्यांना ती ९ किलो १२० ग्रॅम भरेल आणि १० टक्क्यांना ८ किलो ८००. हे आकडे मी फळीच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवतो. दापोलीत घरातल्या काट्यावर ती फळी तोलून काकू मला फोनवर आकडा सांगायच्या. त्यांना त्यात इतका रस आला होता की पुढे पुढे माझ्या आधी त्याच हिशोब करून टक्के सांगत.

थंडी गेली, उन्हाळा आला. वजन आधी भराभर उतरलं, मग हळू, आणि १४ टक्क्यांच्या आसपास येऊन अडलं. काकूंना वाटलं, झालं, सुकलं. मिस्त्रींनी फळीवर बोटाची गाठ वाजवली, टणक आवाज आला. तेही म्हणाले, "घ्या कामाला." दापोलीच्या घरासाठी ते टेबल करायचं असतं, तर मीही त्याच दिवशी रंधा उचलला असता.

पण टेबल पुण्याला राहणार होतं. लाकूड पूर्ण कोरडं असं कधी होतच नाही. पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं हवेतलं पाणी ओढून घेतं, तसं लाकूड आयुष्यभर भोवतालच्या हवेशी पाण्याची देवघेव करत राहतं. हवेतला दमटपणा ८० टक्के असेल तर लाकूड १५-१६ टक्क्यांवर स्थिरावतं, ६५ असेल तर १२ वर, ५० असेल तर ९ वर आणि ३० असेल तर ६ वर. त्या फळ्या दापोलीत आणखी दहा वर्षं पडून राहिल्या असत्या, तरी दर पावसाळ्यात वर गेल्या असत्या आणि दर उन्हाळ्यात फिरून तिथेच आल्या असत्या. खाडीवरच्या हवेने त्यांना जेवढं सुकवायचं तेवढं सुकवलं होतं. मार्च-एप्रिलमधल्या पुण्याच्या दुपारी त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

भारतीय मानकांतही हेच तत्त्व आहे. इमारती लाकडात किती ओलावा चालेल हे ठरवताना देशाचे हवेतल्या दमटपणानुसार चार विभाग पाडले आहेत. एकाच मापाच्या दाराला कोरड्या विभागात जेवढा ओलावा चालतो, त्याहून जास्त किनारपट्टीला चालतो. आमच्या धंद्यात मात्र 'सीझन केलेलं' हा एकच शिक्का सगळीकडे चालतो. कुठल्या गावासाठी सीझन केलं, असं विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं.

न थांबता ते टेबल केलं असतं तर काय झालं असतं, त्याचा अंदाज कागदावर काढता येतो. फणसाचे खात्रीचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून सागवानाचे घेतो. साग हे कमीत कमी आकसणाऱ्या लाकडांपैकी आहे. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वाढीच्या कड्यांच्या दिशेने ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के. लांबीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे कड्यांच्या दिशेने पाडलेल्या फळीत ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण ०.२ टक्के. तीन फूट रुंदीचं टेबल १४ टक्क्यांना चिकटवलं आणि ते पुण्यात ८ वर उतरलं, तर रुंदी सव्वा टक्क्याच्या आसपास कमी होणार. ३६ इंचांत जवळपास साडेतीन सूत. खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळून ठेवलेलं टेबल साडेतीन सूत कुठून देणार? मधोमध फाटूनच देणार. त्या फाटण्याचा आवाज रात्री घरभर ऐकू येतो. ज्यांनी तो ऐकला आहे ते मला पहिल्या भेटीत सांगतात.

मे २०२१ च्या मध्याला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्याच्या आधीच फळ्या पुण्याला आणून कारखान्यात नव्याने थप्पी लावली होती. पुढे पावसाळा, आणि त्या चार महिन्यांत वजन उतरलं तर नाहीच, जरा चढलंच. काकूंच्या मुलाने विचारलं, आता आणखी काय राहिलं? मी त्यांना थप्पीपाशी नेलं आणि फळीवरचे आकडे दाखवले. दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागली आणि फळ्या पुन्हा हलक्या होत गेल्या. फेब्रुवारीत साडेदहाच्या आसपास आल्या, तेव्हा काम सुरू केलं. एप्रिलपर्यंत थांबलो असतो, तर त्या आणखी खाली गेल्या असत्या, पण ते मला नको होतं. घरातलं टेबल वर्षभर खालीवर होत राहणार. उन्हाळ्यात ८ च्या जवळ, पावसाळ्यात १३ च्या जवळ. ते जोडावं त्या दोन टोकांच्या मधल्या मुक्कामावर. अगदी कोरडं करून घट्ट बसवलेलं दार पहिल्याच श्रावणात चौकट ढकलायला लागतं.

फळ्या कामाला घेतल्यावरही एका दमात रंधून मापाला आणल्या नाहीत. आधी दोन्ही अंगांनी थोडं थोडं काढलं आणि परत उभ्या करून ठेवल्या. वरचा थर निघाला की आतला ताण मोकळा होतो, फळी जरा फिरते. फिरायची ती आधी फिरून घेऊ दे, मग शेवटचा हात. एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी रंधलं तर सरळ फळीही रातोरात वाकते. रंधलेली फळी जमिनीवर आडवी टाकली तर वरच्या अंगाला हवा लागते, खालच्याला नाही, आणि सकाळी ती होडीसारखी वर उचललेली सापडते. कारखान्यात नवा आलेला मुलगा ही गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकतो.

भट्टीत, म्हणजे किल्नमध्ये सुकवलेल्या लाकडाबद्दल लोक मला विचारतात. भट्टी वाईट नाही. नीट चालवलेली भट्टी कीड मारते, आणि जे पुण्याच्या हवेला पाच-सहा महिने लागतात ते काही आठवड्यांत करते. नीट चालवणं म्हणजे उष्णता आणि वाफ यांचा तोल राखणं. घाई केली तर बाहेरचा थर ताणलेल्या स्थितीतच कडक होतो, आतलं लाकूड मागाहून आकसायला बघतं, आणि मग एकतर पोटात भेगा पडतात नाहीतर फळीत ताण कोंडून राहतो. अशी फळी जाडीत चिरायला घ्यावी तर करवतीचं पातं चिमटून धरते. आधीच ओळखायचं असेल तर आडवा काप काढून मधला भाग कोरायचा, दोन दातांच्या काट्यासारखा आकार करायचा. दात आतल्या बाजूला मिटले तर ताण आहे. खरेदीच्या आधी मी वखारीत हा काप मागतो. काही वखारवाले देतात, काही देत नाहीत, आणि तेवढ्यावर बरंच कळतं.

भट्टीतून १० टक्क्यांना निघालेली फळी १० वरच राहते असंही नाही. जुलैत उघड्या शेडमध्ये महिना-दोन महिने पडून राहिली तर ती पुन्हा पाणी पिते. तिच्यावरचा शिक्का तोच, आतला ओलावा मात्र दुसराच. जुन्या वाड्यांच्या लाकडालाही हेच लागू पडतं. शंभर वर्षांचा तुळईचा साग म्हणजे कोरडाच असणार असं धरून लोक तो घेतात. पण वाडा पाडल्यावर तो भंगारवाल्याच्या अंगणात दोन पावसाळे भिजला असेल तर त्याच्या वयाचा काही उपयोग नाही. जुना साग मला जिवापाड आवडतो, त्याच्या रेषा दाट असतात, वास वेगळा असतो. तरी तोही माझ्याकडे आला की आधी थप्पीत जातो.

एके काळी ब्रह्मदेशातून येणाऱ्या सागाचं सुकणं जंगलातच सुरू व्हायचं. तोडण्याच्या दोन-तीन वर्षं आधी झाडाच्या बुंध्याभोवती सालीसकट खोल कडं कापत. झाड उभ्या उभ्या मरायचं आणि उभ्या उभ्या हलकं व्हायचं, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि ओंडके नदीतून तरंगवत न्यायचे असत. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता आपल्या बंदरांवर आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग कंटेनर भरून उतरतो. कोवळ्या वयात तोडलेला, पांढरा भाग जास्त असलेला. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आजही उत्तम आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून लाकूड रवाना झालं ते उगीच नाही. पण तोही सरकारी डेपोतून ओंडका म्हणूनच येतो. पुढचा सुकण्याचा काळ कुणीतरी द्यावा लागतोच, आणि तो द्यायला सध्या कुणी तयार नाही. बिल्डरला तारीख असते, इंटिरियरवाल्याला गृहप्रवेशाचा मुहूर्त असतो, वखारीला जागेचं भाडं असतं. माझ्या कोटेशनमध्ये म्हणून लाकडाच्या किमतीखाली 'सुकवणी व मुरवणी' अशी वेगळी ओळ असते, रकमेसकट. काही जण ती ओळ पाहून दुसरीकडे जातात. ती ओळ मी काढणार नाही. तो वेळ म्हणजे कामच आहे आणि त्याचे पैसे उघडपणे मागायला हवेत.

लाकूड कितीही मुरवलं तरी ते हलायचं थांबत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. म्हणून फणसाच्या त्या टेबलाची फळी चौकटीला चिकटवलेली नाही. खालून लाकडी गुटक्यांनी धरली आहे आणि ते गुटके खाचेत सरकतात. दारातही हीच युक्ती आहे. पॅनल चौकटीच्या खाचेत नुसता बसवायचा, गोंद लावायचा नाही, त्याला फुगायला-आकसायला दोन्हीकडे जागा ठेवायची. आपल्याकडच्या जुन्या दारांत हे इतकं सहज केलेलं आहे की ते कुणाच्या लक्षातही येत नाही. नवा पोरगा प्रेमाने खाचेत फेव्हिकॉल भरतो आणि पॅनल पहिल्या उन्हाळ्यात मधून तडकतो.

टेबल पोचलं तेव्हा काकू दापोलीहून आल्या होत्या. त्यांनी आधी खाली वाकून गुटके पाहिले, मग वरून हात फिरवला, आणि मग विचारलं, आता वजन किती टक्क्याला आहे. उरलेल्या दोन फळ्या अजून माझ्याकडे आहेत. देवघराच्या दाराला घ्यायच्या ठरल्या आहेत, दाराचं माप दापोलीच्या घराचं. म्हणून त्या पुन्हा तिकडे पाठवायच्या आणि तिथल्याच गोठ्यात एक मोसम ठेवून मगच दार जोडायचं, असं मिस्त्रींशी बोलणं झालं आहे.

दर जुलैत माझा फोन वाजायला लागतो: दार अडतंय, माणूस पाठवा, कड रंधून द्या. मी पाठवत नाही. पावसात फुगलेलं दार पावसात रंधलं की थंडीत तिथे फट पडते आणि मग पट्टी ठोका म्हणून पुन्हा फोन येतो. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला पॉलिश आहे का, ते बघायला सांगतो. बहुतेक वेळा त्या दोन कडा दिसत नाहीत म्हणून कुणी रंगवलेल्याच नसतात, आणि पाणी तिथूनच आत जातं. पावसाने उघडीप दिली की त्यांना दोन हात पॉलिश द्या, तोवर बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. रंध्यासाठी कोजागिरीपर्यंत थांबा. तेव्हाही अडलं तर मी स्वतः येतो.